गोड्या पाण्यानं जपलेली गलबतं

बसा निवांत, कारण ही गोष्ट लांबून येते, पार कॅनडा आणि अमेरिकेच्या मधल्या ऑन्टॅरिओ सरोवरातून. सरोवर नुसतं नावाला, पलीकडचा काठ दिसत नाही असलं ते अफाट पाणी. १८१३ साली तिथं अमेरिकेचं इंग्रजांशी युद्ध चाललेलं, तेव्हा माल वाहणाऱ्या साध्या शिडाच्या गलबतांवर अमेरिकेनं तोफा चढवल्या, नि त्यातलीच दोन म्हणजे हॅमिल्टन आणि स्कर्ज. ८ ऑगस्टच्या रात्री वारा पडलेला, खलाशी आपापल्या तोफेशीच आडवे झालेले. स्कर्जवरच्या नेड मायर्सला पावसाच्या टपोऱ्या थेंबांनी जाग आली, तो उठतोय तोच वीज कडाडली, वादळाचा एकच तडाखा बसला, तोफा नि गोळे सगळे एका अंगाला घसरत आले आणि आधीच वरून जड झालेलं गलबत कललं ते कललंच. नेडनं उडी टाकली, आणि नशीब बघा, गलबतामागं बांधलेली होडीच त्याच्या हाताला लागली. तिच्यात चढून त्यानं आणखी काहीजणांना वर ओढलं. हॅमिल्टनही त्याच वादळात बुडालं. दोन्हींवरची मिळून ५३ माणसं गेली, बिचारी. पुढं नेडनं ही हकीकत आपल्या तरुणपणीच्या एका सोबत्याला सांगितली, तो सोबती तोवर मोठा कादंबरीकार झालेला, जेम्स फेनिमोर कूपर. १८४३ मध्ये त्यानं तिचं पुस्तक केलं.

आता खरी नवलाई. १९७३ मध्ये पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून शोधणाऱ्यांना ही जोडी सापडली, आणि १९८२ मध्ये यंत्राला कॅमेरा लावून जवळजवळ ९० मीटर खाली सोडला, तर दोन्ही गलबतं तळावर सरळ बसलेली, डोलकाठ्या उभ्या, तोफा जागच्या जागी, तोफांशेजारी तलवारी अडकवलेल्या, हॅमिल्टनच्या नाळेवर लाकडात कोरलेली डायना देवी! खाऱ्या पाण्यात लाकडाचं काय होतं ते कोकणातल्या कुठल्याही होडीवाल्याला विचारा. शिंपल्यांच्याच कुळातला एक किडा त्याची चाळण करून टाकतो. त्या किड्याला जगायला मीठ लागतं, गोड्या सरोवरात त्याची डाळ शिजत नाही. त्यात खोल पाणी बारमाही गारठलेलं, उजेड नाही, म्हणून कुजणंही संथ.

पण ऐंशीच्या दशकात समुद्रावरून येणाऱ्या जहाजांनी तोल सांभाळायला भरून आणलेल्या पाण्यातून काळ्या समुद्राकडचे इवलेसे शिंपले या भागातल्या सरोवरांत आले, आणि आता त्यांचे थर या गलबतांवर चढलेत. गलबतं वर काढावीत असंही काहींना वाटलं होतं. मला विचाराल तर नकोच. खलाशांची हाडं अजून तिथंच आहेत, ती त्यांची समाधी आहे. संशोधकही कॅमेरे सोडूनच बघतात, आणि १९८२ ची छायाचित्रं शेजारी ठेवून कुठली फळी अजून दिसते, कुठली झाकली गेली, याची नोंद ठेवतात.