शत्रूच्या मरणाचा सण

डिसेंबर १७५०. पाँडिचेरीच्या रस्त्यावरून एक नवाब धावत सुटला आहे. बरोबर भालदार नाहीत, चोपदार नाहीत, पालखी नाही. चंदासाहेब त्याचं नाव, अर्काटच्या गादीचा दावेदार. जिंजीजवळच्या छावणीत हैदराबादचा निजाम नासिरजंग मारला गेल्याची बातमी नुकतीच त्याच्या कानावर आली आहे. धावत धावत तो फ्रेंच गव्हर्नर डुप्लेच्या वाड्यात शिरतो आणि दोघं कडकडून मिठी मारतात. गावात तोफा धडाडतात, चर्चमध्ये देवाचे आभार मानले जातात. डुप्लेचं तेवढ्यानं भागत नाही. नासिरजंग पडला त्या भागात एक विजयनगर वसवायचं, नाव ‘डुप्ले-फतेहाबाद’, आणि मधोमध एक स्तंभ, त्याच्या चार बाजूंवर चार भाषांत आपली कीर्ती, असा बेत तो आखतो.

मेलेला माणूस कसा मेला होता? नासिरजंग हत्तीवर बसून आपल्याच पक्षातल्या कडप्याच्या नवाबाकडे निघाला होता. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. त्यानं सलाम केला. समोरून उत्तर आलं नाही. अंधारात ओळख पटली नसेल, असं वाटून तो हौद्यात जरा उठला आणि त्यानं पुन्हा सलाम केला. तेवढ्यात गोळी सुटली. मग त्याचं शिर भाल्यावर चढलं.

ज्याला आपण ‘शत्रू’ म्हणतो, त्याचा शेवटचा क्षण असा, दुसऱ्यांदा सलाम करण्याचा. आणि तिकडे त्याच्या नावानं तोफा.

चंदासाहेबाचा आनंद खोटा होता का? मुळीच नाही. नासिरजंग जिवंत राहता तर त्याची धडगत नव्हती. त्याचा साथीदार मुझफ्फरजंग, म्हणजे नासिरजंगाचा सख्खा भाचा, मामाच्याच छावणीत कैदेत होता आणि त्याचं डोकं उडवण्याचा हुकूम सुटला होता असं सांगतात. त्याच सकाळी त्या कैद्याला दख्खनचा सुभेदार म्हणून नजराणे मिळू लागले. अशा वेळी छातीवरचा दगड उतरला म्हणून कुणी धावत सुटला, तर त्याला नावं कोण ठेवील?

हा आनंद माणसात किती खोल बसलाय, हे २००६ साली लंडनमध्ये एका प्रयोगात दिसलं. टानिया सिंगर आणि तिच्या सहकाऱ्यांनी काही स्त्री-पुरुषांना पैशांचा एक खेळ खेळायला दिला. समोरच्यांपैकी एक प्रामाणिक खेळणारा, दुसरा लबाड. दोघंही खरं तर ठरवून आणलेले नट. नंतर स्कॅनरमध्ये झोपलेल्या त्या स्त्री-पुरुषांसमोर या दोन नटांच्या हाताला वेदना देणारे झटके दिले. प्रामाणिक माणसाला झटका बसला की बघणाऱ्याच्या मेंदूतली, स्वतःला दुखल्यावर जागी होणारी केंद्रं जागी होत. म्हणजे दुसऱ्याचं दुखणं आपला मेंदू अक्षरशः थोडंसं भोगतो! पण लबाडाला झटका बसला की पुरुषांच्या मेंदूत ही कळ विझल्यासारखी होई, आणि उलट बक्षीस मिळाल्यावर जो भाग उजळतो तो उजळे. ज्याची सुडाची इच्छा जास्त, त्याचा उजेडही जास्त. बायकांच्या मेंदूत लबाडासाठीही कळ बरीचशी शिल्लक राहिली. विचार करा, काही मिनिटांचा खेळ आणि थोड्याशा पैशांची लबाडी. तेवढ्यावर मेंदू एवढा पालटतो, तर ज्यानं आपलं राज्य, आपली माणसं हिरावली त्याच्या मरणानं काय होत असेल?

तेव्हा आनंद होतो का, हा प्रश्नच नाही. होतो. पण त्या आनंदाचं आपण काय करतो? याचं उत्तर मला चेन्नईच्या दक्षिणेला, साधारण चाळीस किलोमीटरवरच्या कोवलमच्या परिसरात जितकं स्पष्ट दिसतं, तितकं कुठल्या नीतिशास्त्राच्या पुस्तकात दिसलं नाही.

कोवलम म्हणजे मासेमारांचं गाव. दर्गा आहे, जुनं चर्च आहे, लाटांवर फळ्या घेऊन उतरणारी पोरं आहेत. इथं अर्काटच्या नवाबांचा किल्ला होता. आता त्याच्या अवशेषांवर हॉटेल उभं आहे. नासिरजंग मारला गेला त्याच वर्षी तो फ्रेंचांनी घेतला, आणि तोही कसा! एक फ्रेंच जहाज किनाऱ्यापाशी आलं आणि संकटाच्या खुणा करू लागलं. खलाशी रोगानं मरताहेत, उरलेल्यांना जमिनीवर घ्या, अशी विनवणी झाली. खंगलेले तीसेक फ्रेंच किल्ल्यात घेतले गेले आणि रात्री त्याच ‘आजाऱ्यांनी’ उठून किल्ला ताब्यात घेतला. १७५२ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हनं तो फ्रेंचांकडून जिंकला आणि मग तो पाडण्यात आला. क्लाइव्हच्या फौजेत नुकतेच आलेले रंगरूट होते. गोळ्यांच्या आवाजाला ते इतके बिचकले की त्यातला एक दुसऱ्या दिवशी विहिरीच्या तळाशी लपलेला सापडला. डुप्लेचं ते विजयनगरही क्लाइव्हनं त्याच वर्षी जमीनदोस्त केलं. बांधायला घेऊन दीड वर्षही झालं नव्हतं.

आणि ज्यांनी ज्यांनी तोफा उडवल्या, त्यांचं काय झालं? सगळा हिशेब तीन वर्षांच्या आत संपतो, हेच थक्क करणारं आहे. ऑगस्ट १७४९ मध्ये अंबूरच्या लढाईत अर्काटचा वृद्ध नवाब अन्वरुद्दीन हत्तीवरच मारला गेला. चंदासाहेब आणि मुझफ्फरजंग यांनी वाजतगाजत जय साजरा केला. डिसेंबर १७५० मध्ये नासिरजंग गेला, पुन्हा जल्लोष. फेब्रुवारी १७५१ मध्ये ज्या पठाण नवाबांच्या, म्हणजे कडप्याच्या नवाबाच्या आणि त्याच्या साथीदारांच्या, कटामुळे मुझफ्फरजंगाला गादी मिळाली होती, त्यांच्याशीच त्याची लढाई जुंपली आणि भाल्याच्या घावानं तो गेला. गादीवर बसून जेमतेम दोन महिने झाले होते. खो-खोत पाठीवर थाप पडली की बसलेला उठतो आणि पळू लागतो, तसं मरण एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर सरकत होतं.

आता पाळी धावत सुटलेल्या चंदासाहेबाची. आणि इथं मराठी माणसाला कान टवकारावे लागतात.

चंदासाहेब मराठ्यांना चांगला ठाऊक होता. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली घेतली तेव्हा तो हाती लागला आणि पुढं साताऱ्याला कैदेत राहिला. १७४८ मध्ये सुटला. म्हणजे ज्या मराठ्यांनी त्याला पकडलं, त्यांनी त्याला सात वर्षं जिवंत ठेवलं. १७५२ च्या जूनमध्ये तो श्रीरंगमच्या बेटावर शत्रूंच्या वेढ्यात कोंडला गेला आणि या वेळी जीव वाचवण्यासाठी त्यानं हात धरला तोही एका मराठ्याचाच: तंजावरच्या प्रतापसिंह राजांचा सेनापती मानाजी, इंग्रजांच्या नोंदींतला ‘मोनॅकजी’. मानाजीनं अभय दिलं होतं. पण कैदी हाती आल्यावर म्हैसूरकर, इंग्रज, मुरारराव घोरपडे, अन्वरुद्दीनचा मुलगा महंमद अली, सगळेच त्याला मागू लागले. भांडण मिटवायचा उपाय मानाजीनं असा काढला की कैद्याला मारूनच टाकायचं. मारेकरी आत गेला तेव्हा हा म्हातारा आजारानं जमिनीवर पडून होता, उठायचंही त्राण नव्हतं.

त्याचं शिर महंमद अलीकडे गेलं. बापाच्या मरणाचा सूड मुलाला मिळाला. ऑर्म हा त्या काळाचा इंग्रज इतिहासकार लिहितो की ते शिर उंटाच्या गळ्यात बांधून त्रिचनापल्लीच्या तटाभोवती पाच फेऱ्या काढल्या, आणि लाखभर लोक त्याला शिव्या घालत होते. लाखाचा आकडा अंदाजाचा असेल, पण त्या उंटाच्या मागं गाव लोटलं असणार यात मला शंका नाही.

शत्रू संपला? युद्ध संपलं नाही. डुप्लेनं चंदासाहेबाच्या मुलाला, रझासाहेबाला, पुढं केलं आणि लढाया सुरूच राहिल्या. महंमद अली नवाब झाला, पण इंग्रजांच्या कर्जात गळ्यापर्यंत बुडाला. आणि ज्या तंजावरनं त्याला ते शिर भेट दिलं, त्याच तंजावरवर त्यानं १७७३ मध्ये इंग्रजांची फौज घेऊन चाल केली, प्रतापसिंहांचा मुलगा तुळजाजी याला कैद केलं. तीन वर्षांनी इंग्रजांनी तुळजाजीला गादी परत दिली, पण मानाजीनं दिलेल्या भेटीची ही अशी परतफेड! उंटामागं ओरडणाऱ्या गर्दीत तंजावरचेही शिपाई असतील, त्यांच्या स्वप्नातही हे आलं नसेल.

आता कोवलमहून दक्षिणेला वीसेक किलोमीटर जाऊ, महाबलीपुरमला. महिषमर्दिनीच्या गुहेत सातव्या शतकातलं एक शिल्प आहे. सिंहावर बसलेली आठ हातांची देवी, धनुष्य ओढलेलं. समोर महिषासुर, धड माणसाचं, डोकं रेड्याचं, हातात जड गदा. पल्लवांच्या त्या पाथरवटानं काय कोरलंय ते नीट बघा. महिषासुर मेलेला नाही. देवीचा पाय त्याच्या मानेवर नाही, त्रिशूळ छातीत नाही. तो मागं झुकलाय, पाय माघारीकडे वळलेत, पण गदा सोडलेली नाही. आणि त्याच्या डोक्यावर राजाचं छत्र अजून धरलेलं आहे! विजय कोणाचा होणार हे अंगाच्या कलण्यावरूनच कळतं, तरी शत्रूचं छत्र पाथरवटानं हिसकावलं नाही. अख्खी भिंत हातात होती, शिर तुटतानाचा क्षण सहज कोरता आला असता. तो त्यानं निवडला नाही.

कोवलमच्या आतल्या अंगाला, पंधराएक किलोमीटरच्या आत, तिरुपोरूर आहे. मुरुगन असुरांशी जमिनीवर लढला तो तिरुप्परंकुंड्रमला, समुद्रात लढला तो तिरुचेंदूरला आणि आकाशात लढला तो इथं, अशी श्रद्धा. दिवाळीनंतर सहा दिवसांची स्कंदषष्ठी असते आणि सहाव्या दिवशी सूरसंहार. शत्रूच्या मरणाचा याहून मोठा सोहळा कुठला? गर्दी, ढोल, असुराच्या मुखवट्यांमागून मुखवटे. शेवटी सूरपद्म आंब्याचं झाड होऊन उभा राहतो आणि मुरुगनचा वेल, म्हणजे त्याचा भाला, झाड मधोमध चिरतो. आता पुढं? एका अर्ध्याचा होतो मोर, दुसऱ्याचा कोंबडा. मोर देवाचं वाहन, कोंबडा देवाच्या ध्वजावर. तमिळनाडूत मुरुगनच्या कुठल्याही देवळात मोरासमोर हात जोडणारा भक्त त्या शत्रूसमोरही हात जोडत असतो!

हे तमिळ लोकांचंच, असं वाटत असेल तर महिनाभर थांबा. मार्गशीर्षात आपल्याकडेही सहा दिवस, आपल्याकडेही षष्ठी. चंपाषष्ठीला खंडोबानं मणी आणि मल्ल या दैत्यांचा पराभव केला. मणी शरण आला, आपला पांढरा घोडा त्यानं देवाला दिला आणि देवाच्या ठाण्यात आपल्यालाही जागा मागितली. आज जेजुरीला मणीची मूर्ती आहे, तिला मान मिळतो. मल्लानं मरताना आपलं नाव देवाच्या नावाआधी लावून घेतलं, म्हणून मल्हारी. येळकोट घालणारा प्रत्येक धनगर, प्रत्येक वाघ्या, हरलेल्याचं नाव आधी घेतो. शेकडो किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी, दोन भाषांत, माणसं एकाच उत्तराशी येऊन पोचली: जिंकायचं जोरात, पण हरलेल्याला घरात घ्यायचं.

होमरच्या ओडिसीत शत्रूंची प्रेतं पाहून म्हातारी दाई आनंदानं ओरडणार, तोच ओडिसियस तिला गप्प करतो. रावण पडल्यावर अंत्यसंस्काराला कचरणाऱ्या बिभीषणाला राम सांगतो की वैर मरणापाशी थांबतं, तो जसा तुझा तसा आता माझाही. इतक्या दूरदूरच्या कथांना हे स्वतंत्रपणे सुचावं, म्हणजे जिंकलेल्यांना त्याची गरज नेहमीच भासत असणार.

याच समुद्राच्या पलीकडे, श्रीलंकेत, मे २००९ मध्ये तमिळ बंडखोरांचा नेता प्रभाकरन मारला गेला. कोलंबोत लोक रस्त्यावर नाचले, फटाके उडाले. वर्षानुवर्षं बॉम्बस्फोट भोगलेल्या शहराचा सुटकेचा श्वास मी समजू शकतो. पण त्याच आठवड्यांत मुल्लिवायक्कालच्या किनारपट्टीत हजारो सामान्य तमिळ माणसं मेली होती, आणि अलीकडच्या तीरावर, तमिळनाडूत, शोक होता. फटाक्यांच्या आवाजात कोण मेलं आणि कोण मारलं गेलं हा फरक ऐकूच येत नाही. माझी खात्री आहे की सुटकेचा आनंद योग्य आहे, आणि उंटाच्या गळ्यात शिर बांधणं अयोग्य. मधली रेघ ओढायला आपल्या पूर्वजांनी उपदेश कमी केले, सण जास्त केले.

त्यातला एक तर आपल्या न्हाणीघराबाहेर घडतो. नरकचतुर्दशीची पहाट. उटणं लागलंय, कोकणातल्या अंगणात डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटतं. छोटं हिरवं फळ, फट्‌ असा आवाज. हा नरकासुर. गोव्यात रात्रभर त्याचे अजस्र पुतळे मिरवतात आणि पहाटे जाळतात. दक्षिणेत सांगतात की हा दिवस सर्वांनी आनंदानं साजरा करावा, असं मागणं मारल्या गेलेल्या नरकाच्या आईनं, भूदेवीनंच मागितलं. आणि आपल्याकडे? कारीट फोडून माणूस तसाच फराळाला बसत नाही. त्याची बी जिभेला लावायची असते, आणि कारीट इतकं कडू असतं की तोंड वाकडं होतं. चकली, करंजी, लाडू सगळं त्याच्यानंतर. शत्रू मारल्यावर गोडाच्या आधी कडू चाखायचं, हा क्रम पहिल्यांदा कोणाला सुचला असेल?