मावळ्याची ताकदच सर्वांत मोठी हवी का?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं उभी करून फाशांवर खेळायच्या खेळाचा डाव लोहगड-विसापूर किल्ल्यांच्या परिसरात मांडायचा म्हटलं, की पात्र म्हणून मावळाच सुचतो आणि हातातला सर्वांत मोठा आकडा त्याच्या ताकदीपुढे लिहिला जातो. चपळाई, चिवटपणा, बुद्धी, जाण आणि छाप या बाकीच्या पाच गुणांना उरलंसुरलं मिळतं. लढवय्या म्हणजे बळकट, हा यामागचा समज. पण या खेळातले आकडे पात्राची थोरवी मोजत नाहीत. पात्राला कुठे, कशाशी आणि कोणाच्या साथीने झुंजायचं आहे, हे पाहूनच ते वाटायला हवेत.

दुसरा समज असा, की फासे टाकून आलेले आकडेच अस्सल आणि ठरावीक आकडे वाटून घेणं म्हणजे पळवाट. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या १९७४च्या मूळ खेळात तीन फाशांची बेरीज येईल त्या क्रमाने लिहायची, हे खरं. पण १९७९मध्ये खुद्द गायगॅक्सनेच चार फासे टाकून सर्वांत लहान वगळायची आणि बेरजा हव्या त्या गुणापुढे मांडायची मुभा दिली. २०१४च्या नियमांत १५, १४, १३, १२, १०, ८ असा तयार संच आहे. २७ गुणांत आकडे विकत घेण्याची सोयही आहे आणि हा संच बरोबर २७ गुणांतच बसतो. त्याची सरासरी १२, तर चार फाशांच्या पद्धतीची साधारण १२.२. म्हणजे खरा फरक आहे तो चढउताराचा. फाशांमुळे अनपेक्षित पात्रं जन्माला येतात, हा आक्षेप रास्त आहे आणि एका संध्याकाळच्या डावात त्याची मजाही आहे. पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या डावात एकाच्या वाट्याला सगळं आणि दुसऱ्याच्या हाती काहीच नाही, हे न्याय्य नव्हे.

तिसरा समज म्हणजे ८ आकडा आला की पात्र वाया गेलं. खेळात आकडा थेट वापरला जात नाही. त्यातून १० वजा करायचे, उरेल त्याचं निम्मं करायचं आणि अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक घ्यायचा. म्हणून १५ आणि १४ दोन्हींचे +२, तर ८चा −१. हा आकडा फाशावर आलेल्या दानात मिळवायचा. पावसाळ्यात लोहगडाच्या विंचूकाट्याच्या निसरड्या कड्यावर चढायचं आहे आणि वीस बाजूंच्या फाशावर १५ गाठायचे आहेत असं धरू. १५ ताकदीच्या गड्याला यशाची शक्यता ४० टक्के, ८ ताकदीच्याला २५ टक्के. मात्र या दुसऱ्याने चढाईचं कसब कमावलेलं असेल, तर सुरुवातीच्या पातळीवर त्याला आणखी +२ मिळून शक्यता ३५ टक्के होते. कसब नसलं तरी सोबत्याने मदत केली तर तो दोनदा फासा टाकतो, त्यातला मोठा धरतो आणि शक्यता जवळपास ४४ टक्क्यांवर जाते. एकट्या बलवानापेक्षाही जास्त!

मग आकड्यांना अर्थ काय, असं कोणी विचारेल. अर्थ आहेच, २५ आणि ४० टक्क्यांतला फरक प्रत्येक फेकीला जाणवतो. म्हणून तर १५ कुठे ठेवायचे हे मुलखाकडे बघून ठरवावं. लोहगडाभोवतीच्या पवन मावळातल्या धुक्यात पुढचा बुरूज दिसत नाही, तिथे वाट आणि चाहूल ओळखायला जाण लागते. पहारा चुकवायला चपळाई, मुसळधार पावसात तग धरायला चिवटपणा. वाटाड्या मावळा उभा करायचा तर चपळाई १५, जाण १४, चिवटपणा १३ आणि ताकद १२ ही मांडणी ताकदीला १५ देण्यापेक्षा कितीतरी कामाची.

एकट्याची ताकद पुरत नाही, हे याच मुलखाच्या इतिहासातही दिसतं. लोहगड बळकट, एकामागून एक दरवाजे असलेला किल्ला. पण शेजारचा विसापूर त्याहून उंच. ४ मार्च १८१८ रोजी इंग्रजांनी विसापूर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगडही त्यांच्या हाती गेला. लोहगडाच्या तटाची ताकद एका दिवसात घटली नव्हती. शेजारचा डोंगर हातचा गेला होता. म्हणून पात्राचा कागद भरताना आधी शेजारी बसलेल्यांचे कागद पाहावेत आणि ज्या गुणाची तुकडीत उणीव असेल, तिथे आपला मोठा आकडा द्यावा.