शिन्या त्सुकामोतो: लोखंड, मांस आणि युद्ध

चित्रपट दिग्दर्शक शिन्या त्सुकामोतो जपानबाहेर माहीत झाला तो १९८९ साली, ‘तेत्सुओ: द आयर्न मॅन’मुळे. एका नोकरदाराच्या अंगातून लोखंड उगवू लागतं आणि बघता बघता त्या माणसाचं चालतंबोलतं भंगार होतं. सोळा मिलिमीटरवरचा हा कृष्णधवल चित्रपट जेमतेम ६७ मिनिटांचा. जाहिरातपट करणाऱ्या, ‘काइजू थिएटर’ ही नाटकमंडळी चालवणाऱ्या त्सुकामोतोनं तो मोजक्या माणसांना घेऊन उभा केला. नटी केई फुजिवारा कॅमेराही सांभाळत होती. काम लांबत गेलं तसे सहकारी पांगले. तारा नि पत्रे नटाच्या अंगावर चिकटवून एकेक फ्रेम टिपणं संपत नव्हतं. चू इशिकावाच्या संगीतात धातूवर धातू आदळतो, आणि तो आवाज चित्रपट संपल्यावरही कानांतून जात नाही. रोमच्या फान्ताफेस्टिव्हलनं ‘तेत्सुओ’ला सर्वोच्च पुरस्कार दिला.

एवढ्या यशानंतर मोठ्या स्टुडिओत स्थिरावणं सोपं होतं. बाहेरच्या निर्मात्यांसाठी त्यानं ‘हिरुको’, ‘जेमिनी’ केलेही. पण तो पुन्हा पुन्हा स्वतःच्याच पद्धतीकडे वळला. लेखन, छायाचित्रण, संकलन, अभिनय, सगळं जमेल तितकं आपल्या हातात. ‘तोक्यो फिस्ट’मध्ये (१९९५) लोखंड गेलं, ठोसे आले. विमा विकणारा मवाळ नायक तो स्वतः आणि त्याच्यासमोर मुष्टियोद्धा म्हणून सख्खा भाऊ कोजी. निळ्या छटेतल्या, पावसानं चिंब ‘अ स्नेक ऑफ जून’नं २००२ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात विशेष ज्यूरी पुरस्कार मिळवला, तर गायिका कोक्को हिला घेऊन केलेला ‘कोतोको’ २०११ मध्ये तिथल्याच ओरिझ्झोन्ती विभागात पहिला आला.

माझ्या मते मात्र त्याचं सर्वांत मोठं काम त्यानंतरचं आहे. शोहेई ओओका यांच्या ‘फायर्स ऑन द प्लेन’ या कादंबरीवर कोन इचिकावा यांचा १९५९चा चित्रपट अभिजात मानला जातो. त्सुकामोतोनं तीच कादंबरी २०१४ मध्ये पुन्हा पडद्यावर आणली आणि क्षयानं खंगलेला सैनिक तामुरा स्वतः साकारला. फिलिपिन्सच्या लेते बेटावर पराभूत जपानी सैनिक भुकेनं एकमेकांच्या मांसापर्यंत पोचतात. इचिकावांचा चित्रपट कृष्णधवल होता. इथं जंगल झगझगीत हिरवं आहे, आणि त्या हिरव्यात फुटलेली शरीरं पाहवत नाहीत. हिंसा इतकी उघडी दाखवणं अनेकांना खटकलं. मला ते आवश्यक वाटतं. युद्ध म्हणजे देहाचं काय होतं, एवढंच तो दाखवतो.

‘किलिंग’मध्ये (२०१८) तरबेज तरुण सामुराईचा हात माणूस मारायला धजत नाही. आदल्याच वर्षी ‘तेत्सुओ’चा संगीतकार चू इशिकावा वारला होता. त्याच्या ध्वनिमुद्रणांतूनच त्सुकामोतोनं या चित्रपटाचं संगीत जुळवलं. ‘शॅडो ऑफ फायर’मध्ये (२०२३) युद्ध संपलंय, पण परतलेल्या सैनिकांच्या डोक्यात ते चालूच आहे, अनाथ मुलगा ते जवळून बघतो.

त्सुकामोतो नव्यानं बघणाऱ्यानं ‘फायर्स ऑन द प्लेन’पासून सुरुवात करावी आणि मग ‘तेत्सुओ’कडे जावं. तिथला लोखंडी माणूस शेवटी सगळं जग गंजवून टाकायला निघतो, हे मग निव्वळ विक्षिप्त कल्पनाविलास वाटत नाही.