हसण्याचे नाते

आज आपल्या बहुतेक घरांतले कुणी ना कुणी बाहेरगावी आहे. मुलगी वसतिगृहात शिकते, मुलगा एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबतो. घरून फोन जातो. "जेवलास का? पैसे आहेत का? तब्येत बरी ना?" तीन प्रश्न, तीन वेळा "हो", की संपला फोन. माया नसते असे नाही, बोलायला विषय नसतो. तो विषय टीव्हीवरची एखादी विनोदी मालिका देऊ शकते, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

सन 2002 मध्ये आम्ही नोकरीनिमित्त नाशिकला खोली घेऊन राहत होतो. आई-वडील मुंबईत, चाळीत. वडील गिरणी कामगार. 1982 च्या संपात काम गेले, तेव्हापासून त्यांचे बोलणेही कमी झाले. फोनवर "बरा आहेस ना?" एवढे विचारून ते रिसीव्हर आईच्या हाती देत.

त्या काळात अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका गाजत होती. दिलीप प्रभावळकर यांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावरून ती बेतली होती, दिग्दर्शन केदार शिंदे यांचे. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शिऱ्या आणि शलाका, अशा तीन पिढ्या एका घरात. आबांच्या भूमिकेत खुद्द प्रभावळकर. घरचे ती चाळीत पाहत, आम्ही खानावळीत.

एका रात्री वडिलांनी आपणहून विचारले, "काल टिपरे बघितलंस का रे? अरे, तो म्हातारा म्हणजे आपला चिमणराव!"

चि. वि. जोशी यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ 1970 च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर आले, तेव्हा चिमणराव प्रभावळकरांनीच रंगवला होता आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांनी. चाळीत तेव्हा एकच टीव्ही. त्याच्यापुढे अख्खा मजला लोटायचा आणि वडील पाळीवरून येऊन दारात उभ्यानेच बघायचे. चिमणरावावरून गोष्ट गिरणीवर गेली, गिरणीवरून त्यांच्या सोबत्यांवर आणि संपावर. घरात वीस वर्षे न निघालेला विषय त्या रात्री निघाला. एसटीडी बूथचा मीटर पळत होता, पण फोन ठेवावासा वाटेना.

टिपऱ्यांचे घर पांढरपेशे होते, आपल्यासारखे नव्हे. पण बाप-लेकाच्या कुरबुरी आणि आजोबांचा नातवंडांवरचा जीव सगळीकडे सारखाच. शिऱ्यावर हसता हसता वडील आम्हाला हवे ते सांगून टाकत. तोच सल्ला समोर बसवून दिला असता, तर आम्ही कपाळाला आठ्या घातल्या असत्या.

आजची मुले 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' पाहतात. 2018 साली सोनी मराठीवर ती सुरू झाली. तिच्यातून गाजलेला गौरव मोरे पवईच्या फिल्टरपाड्यातला. आपल्यासारख्याच वस्तीतला पोरगा पडद्यावर बघून आपल्या घरांना आनंद झाला. आता एसटीडी बूथ नाही, ठरलेल्या वेळेला टीव्हीपुढे बसायची सक्तीही नाही. वसतिगृहातली मुलगी आणि गावाकडची आजी तोच भाग आपापल्या सवडीने मोबाईलवर पाहू शकतात.

मात्र व्हिडिओ नुसता पुढे पाठवला म्हणजे बोलणे झाले, असे नव्हे. पाठवल्यावर फोनही करावा. काय आवडले, कोण आठवले, ते विचारावे. एखादा विनोद कुणाच्या रंगावर किंवा अंगावर केलेला वाटला, तर तेही मुलांशी बोलावे. त्यांचे मत ऐकून घ्यावे.

पालकांना आमचे सांगणे इतकेच: येत्या रविवारी मुलांना फोन लावाल, तेव्हा मार्क आणि पगार थोडे मागे ठेवा. आधी विचारा, "काल काय बघून हसलास?" हसून झाले की घरापासून दूर असलेले लेकरू मनातले दुखणेही सांगते. ते ऐकायला मात्र आपल्याला सवड हवी.