गाडी गार असतानाच बघा

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीत 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद केला. तेव्हापासून नगर-नाशिकच्या नातेवाइकांचे फोन वाढलेत. “मावशी, दिल्लीत गाडी स्वस्त मिळतेय, जरा बघून सांग ना.” सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझी बरीच वर्षं गेली, माझी स्वतःची गाडीही जुनी घेतलेली, पेट्रोल-सीएनजीवर चालणारी.

विकणाऱ्याला मी एकच अट घालते: मी सकाळी येईपर्यंत किल्ली फिरवायची नाही. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावते. कोमट लागलं, तर मी दुसऱ्या दिवशी परत जाते. जानेवारीतली पहिली सुरुवात जे दाखवते, ते तापलेलं इंजिन लपवतं.

किल्ली फिरवल्यावर टकटकटक आवाज आला, तर बॅटरी किंवा टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा गंज बघायचा. उभ्या गाडीत चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण 14. चालू असताना आकडा वर जात नसेल, तर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल. दोष चार्जिंगचा आहे. बॅटरी ठीक असून एकच टक् झालं, तर संशय स्टार्टरवर, पण त्याआधी अर्थिंगची तार घट्ट करून बघा.

स्टार्टर जोरात फिरतो आणि इंजिन मात्र पेट घेत नाही, हे दिल्लीच्या गाड्यांत मला फार दिसतं. जुन्या सीएनजी गाड्या बहुधा पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन तापलं की गॅसवर जातात. गॅस स्वस्त, म्हणून मालक पेट्रोलचा काटा महिनोन्‌महिने तळाशी ठेवतात. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. पेट्रोल नसेल तर तो तापून जातो. उरलेलं पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टरमध्ये चिकटा धरतं. किल्ली ‘ऑन’ करून गप्प बसा. मागच्या सीटकडून दोनेक सेकंद घूंऽऽ ऐकू यायला हवं. नाही आलं, तर फ्यूज, रिले, मग पंप. माझ्या गाडीला असं झालं तेव्हा मेकॅनिक बॅटरी बदला म्हणत होता, मीटर 12.6 दाखवत होता. पंप बदलला आणि गाडी सुरू झाली. तेव्हापासून टाकीत दहा लिटर पेट्रोल असतंच, आणि रोज थोडं अंतर मी पेट्रोलवरच चालवते.

आयडलिंगला इंजिन तापल्यावर आरपीएमचा काटा साधारण 700 ते 900वर स्थिर हवा. तो वरखाली होत असेल, तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन आणि चिरलेले व्हॅक्यूम पाइप आधी बघावेत. चिरेतून बारीक सूं ऐकू येतं. एसी लावल्यावर गाडी थरथरली, तर मेकॅनिकला एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघायला सांगा. ज्याचा काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाहीये.

आणि पेट्रोलवर शांत, गॅसवर अडखळते असं दिसलं, तर लगेच किट बदलायला घेऊ नका. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते. आधी प्लग आणि कॉइल तपासा.