पीठ मळणाऱ्यांचा दमा

रात्रभर बेकरीत मैदा मळणाऱ्या माणसाला शिंका येऊ लागतात, नाक गळते, डोळे खाजतात. घरचे म्हणतात, सर्दी आहे, जाईल. काही महिन्यांनी खोकला येतो, छातीत घरघर होते, झोपेतून उठून बसावे लागते. मग कुणी भट्टीच्या धुराला दोष देते, कुणी विडीला, कुणी थंडीला. पिठाकडे कुणी बोट दाखवत नाही, कारण पीठ म्हणजे अन्न.

पण तेच पीठ रोज श्वासातून आत गेले तर काही जणांना दमा जडतो. इटलीतील डॉक्टर बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. गिरणीवाले आणि पाव भाजणारे यांची दमछाक त्यांनी तेव्हाच नोंदवली होती. रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा, असे ते डॉक्टरांना सांगत: तू काम काय करतोस? आपल्याकडे दवाखान्याच्या गर्दीत हा प्रश्न बहुधा राहूनच जातो. म्हणून न विचारता आपणच सांगावे: मी बेकरीत आहे, मी पिठाच्या गिरणीवर आहे.

दोष एकट्या गव्हाचा नसतो. पाव फुगावा, मऊ राहावा म्हणून मैद्यात जी तयार पावडर टाकतात, तिच्यात बुरशीपासून काढलेले अमायलेज असते. सोयाबीनचे पीठ, अंड्याची आणि दुधाची पावडर, जुन्या पोत्यांतले बारीक किडे यांचीही अॅलर्जी होते. ती पहिल्या दिवशी होत नाही. काही महिने, कधी कित्येक वर्षे काम केल्यावर सुरू होते, म्हणून संशय येत नाही. अशा माणसांपैकी बहुतेकांना चपाती खाऊन काही होत नाही. त्रास हवेतल्या धुळीचा असतो.

ओळखायची खूण सोपी आहे. सुट्टीच्या दिवशी किंवा गावी गेल्यावर छाती मोकळी होते का? कामावर परतल्यावर पुन्हा भरते का? महिनाभर वहीत लिहून ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासून घ्या, क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. क्षय नाही म्हटल्यावर मात्र तिथेच थांबू नका. देहूरोडहून लोकलने पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात किंवा पुण्याला ससूनमध्ये जाऊन छातीच्या डॉक्टरांना ती वही दाखवा. ते फुंकरीची तपासणी करतील. पंपाला घाबरू नये. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे, औषध थेट फुप्फुसात जात असल्याने ते थोडेच पुरते.

खरा प्रश्न पोटाचा आहे. काम सोड म्हणणे सोपे, घर कोण चालवणार? म्हणून आधी जागा बदलून मागावी: मळणीवरून पॅकिंगला किंवा काउंटरला. हे लवकर केले तर दमा पुष्कळ कमी होतो, कधी जातोही. वर्षानुवर्षे धूळ खात राहिले तर काम सोडूनही तो राहतो. मालकाला खर्चात न पाडता होण्यासारखेही बरेच आहे. पोते उंचावरून ओतू नये, रिकामे पोते झटकू नये. मिक्सरवर झाकण ठेवून तो आधी हळू फिरवावा. कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क घट्ट बसवला तर अडवतो, पण भट्टीपाशी तो तासन्‌तास सोसवत नाही, हेही खरे.

दहा किंवा जास्त कामगार आणि विजेची यंत्रे असलेल्या बेकरीला कामगार विमा लागू होतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खाते सांभाळत असताना या योजनेचा आराखडा तयार झाला आणि १९४८ मध्ये कायदा आला. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्याच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया कापला जातो, म्हणजे दहा हजारांवर ७५ रुपये. मालक सव्वातीन टक्के भरतो. कपात होत असेल तर कार्ड मागून घ्या. चिंचवडच्या मोहननगरात विमा रुग्णालय आहे, आणि आजारपणाच्या रजेचे पैसेही या विम्यातून मिळतात.