डायलिसिस आणि काविळीचे विषाणू

सडक अर्जुनीसारख्या तालुक्यातील मूत्रपिंडाचा रुग्ण डायलिसिससाठी कधी गोंदियाला, तर कधी नागपूरला जातो. केंद्र बदलते, पण रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी आणि सी या काविळींचा धोका सगळीकडे सारखाच असतो.

संसर्ग झाला की नातेवाईक यंत्राला दोष देतात. बहुतेकदा तो यंत्रापेक्षा हातांतून आलेला असतो. एका रुग्णाची सुई काढून त्याच हातमोज्यांनी दुसऱ्याच्या यंत्राचे बटण दाबले, किंवा हेपॅरिनची एकच बाटली खाटेखाटेवर फिरवली, की विषाणूला वाट मिळते. बी विषाणू तर वाळलेल्या रक्तात किमान 7 दिवस तग धरतो. तो डाग डोळ्यांना दिसतोच असे नाही. म्हणून बी-बाधितांसाठी यंत्र आणि खोली वेगळी हवी.

बी वर लस आहे. डायलिसिसच्या रुग्णांना ती दुप्पट मात्रेत, 0, 1, 2 आणि 6 महिन्यांनी देतात. डायलिसिस सुरू होण्याआधी घेतली तर प्रतिकारशक्ती अधिक चांगली तयार होते. नेमके तेव्हाच कुणाला सुचत नाही! शेवटच्या मात्रेनंतर महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडे तपासावीत. ती 10 पेक्षा कमी भरली, तर लस पुन्हा घ्यावी लागते.

सी वर लस नाही, पण साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांचा बरा होतो. 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. मात्र संसर्ग ताजा असेल, तर सुरुवातीची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे सी ची तपासणी दर 6 महिन्यांनी करावी, आणि केंद्र बदलताना तपासण्यांची व लसीची फाईल सोबत न्यावी.